गजर फक्त सकाळचाच का? दिवस संपवणाऱ्या आवाजांचा इतिहास

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात तुमच्या फोनपासून करू.

घड्याळाचं ॲप उघडा आणि गजरांची यादी बघा. सहा वाजता एक, सहा दहाला दुसरा, सहा वीसला तिसरा, आणि शेवटी पावणेसातचा "आता मेलो" वाला. सगळे उठवणारे. आता सांगा, यात एक तरी गजर असा आहे का, जो रात्री नऊ-साडेनऊला वाजतो आणि म्हणतो, "बास. आजचा दिवस इथे संपला"?

झोपेबद्दल बोलणारे लोक आजकाल हे सुचवतात. झोपायच्या तासभर आधी गजर लावा. तो वाजला की फोन बाजूला, दिवे मंद, हातपाय धुवा, उद्याचे कपडे काढून ठेवा आणि हळूहळू अंथरुणाकडे वळा. ऐकताना वाटतं, हे आत्ताचं फॅड आहे. पण इतिहास वाचला तर उलटंच दिसतं. दिवस संपल्याचा आवाज फार जुना आहे. घरोघरी पहाटे उठवणारा गजर त्या मानाने कालचा. मधल्या काळात आपल्याकडून संध्याकाळचा आवाज हरवला, आणि तो कसा हरवला हीच आजची गोष्ट.

एक प्रश्न मात्र ऐकताना डोक्यात ठेवा. दर वेळी विचारायचं, हा आवाज कोण करतंय आणि कोणासाठी?

गजर म्हणजे प्रहर संपल्याची खूण

आधी आपले शब्दच बघू. दुपार म्हणजे दोन प्रहर झाले. दिवसरात्रीचे मिळून आठ प्रहर, एक प्रहर साधारण तीन तासांचा. त्याहून बारीक हिशेब घटिकेचा. चोवीस मिनिटांची एक घटिका आणि दिवसरात्रीच्या साठ घटिका.

ही घटिका मोजायची कशी? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून हळूहळू पाणी आत यायचं आणि वाटी बुडाली की एक घटिका पुरी. जुन्या पद्धतीच्या लग्नांत हे घटिकापात्र अजून पूजेला दिसतं. आपला 'घड्याळ' हा शब्द याच घटीपासून आलाय.

राजवाड्यात, किल्ल्यावर, मोठ्या देवळाशी वाटीकडे बघत बसायला माणूस असायचा. वाटी बुडाली की तो टांगलेल्या धातूच्या थाळीवर ठोका द्यायचा. त्या थाळीला म्हणायचे तास. म्हणजे ज्याला आपण आज 'एक तास' म्हणतो, तो मुळात वाजवायच्या वस्तूचा शब्द. आणि एक प्रहर पूर्ण झाला की त्या थाळीवर लागोपाठ ठोके पडायचे. जुन्या कोशांत त्या सलग ठोक्यांना शब्द दिलाय, गजर.

म्हणजे बघा, गजर हा मुळात 'ऊठ' म्हणणारा आवाज नव्हताच. एक भाग पुरा झाला, आता पुढचा, असं सांगणारा आवाज होता. आणि तो रात्रीही वाजायचा.

घराघरांत मात्र तास नव्हता. तिथे संध्याकाळ दुसऱ्या खुणांनी कळायची. दिवेलागण, तिन्हीसांजा, शुभंकरोति, जेवणखाण, झाकपाक, निजानीज. हे शब्द ओळीने म्हणून बघा. संध्याकाळ कशी पायरी पायरीने खाली उतरायची ते कळेल. दिव्याला तेल लागतं आणि तेलाला पैसे, त्यामुळे उगाच जागत बसणं परवडणारं नव्हतं. रात्र सगळ्यांचीच सुखाची होती असं मात्र समजू नका. डास होते, आजारपणं होती, पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांची झोप तर कायमच अपुरी. पण दिवस कुठे संपतो, ही रेघ ठळक होती.

पुण्यातली रात्रीची तोफ

आता जाऊ पेशवाईतल्या पुण्यात. अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम हेन्री टोन नावाचा एक आयरिश माणूस पेशव्यांच्या चाकरीत होता. मराठ्यांच्या कारभाराबद्दल त्याने लिहिलेलं १७९९ मध्ये छापून आलं. पुण्याच्या बंदोबस्ताबद्दल तो लिहितो, की रात्री दहाला तोफ उडायची. त्यानंतर रस्त्यावर जो सापडेल त्याला गस्तवाले पकडायचे आणि सकाळी कोतवालाने सोडेपर्यंत तो अडकलेला. आणि हा नियम इतका कडक होता, की खुद्द पेशव्यालाही अवेळी बाहेर असल्यामुळे एकदा रात्रभर अडकून पडावं लागलं, असंही टोन सांगतो!

तर पुण्यात रात्री दहाला दिवस संपायचा. तोफेने. घरोघरी लोक ती ऐकून कड्या लावत असतील, अंथरुणं घालत असतील. पण तोफ लोकांच्या झोपेसाठी उडत नव्हती. ती चोऱ्यामाऱ्या रोखण्यासाठी, शहर ताब्यात ठेवण्यासाठी उडायची. आपला प्रश्न इथे विचारा. आवाज कोणाचा? कोतवालाचा. कोणासाठी? बंदोबस्तासाठी.

अशा बंदीला आज आपण काय म्हणतो? कर्फ्यू. आणि या शब्दाच्या मागे एक वेगळीच गोष्ट लपलेली आहे.

कर्फ्यू म्हणजे विस्तव झाकणं

कर्फ्यू म्हटलं की आपल्याला आठवतात रिकामे रस्ते, पोलिसांच्या गाड्या, दंगल नाहीतर कोविड. पण हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या दोन शब्दांचा मिळून झालाय आणि त्याचा सरळ अर्थ आहे, विस्तव झाकून ठेव.

मध्ययुगातल्या युरोपात घरं बरीचशी लाकडाची, छपरं गवताची आणि घराच्या मध्ये चूल. रात्री सगळे झोपले आणि एक ठिणगी उडाली तर अख्खी आळी जळायची. म्हणून संध्याकाळी गावातली घंटा वाजायची. ती वाजली की चुलीतले निखारे एकत्र ओढायचे, वर राख सारायची आणि दिवे मालवायचे. काही घरांत त्यासाठी धातूचं एक झाकणच असायचं, अर्ध्या टोपलीसारखं. त्या झाकणालाही कर्फ्यूच म्हणायचे.

इंग्लंडमध्ये ही घंटा सक्तीची कोणी केली? परंपरा नाव घेते विजेता विल्यम याचं आणि साल सांगते १०६८. नॉर्मंडीहून येऊन त्याने इंग्लंड नुकतंच जिंकलं होतं. रात्री आठला घंटा, मग दिवे बंद. आगीची भीती हे कारण होतंच, पण अंधारात लोक जमले नाहीत तर बंडाची खलबतंही होत नाहीत, हाही फायदा होता. त्याचा मुलगा पहिला हेन्री याने पुढे सक्ती सैल केली असं मानतात. गंमत म्हणजे सक्ती गेली तरी घंटा गेली नाही. कित्येक गावांत ती पुढे शेकडो वर्षं वाजत राहिली, कारण लोकांना तिची सवय लागली होती.

विस्तवाची भीती खोटीही नव्हती. १६६६ ची लंडनची प्रचंड आग एका बेकरीतून सुरू झाली, मध्यरात्रीनंतर, लोक झोपेत असताना. चार-पाच दिवसांत जुन्या लंडनचा मोठा भाग राख झाला.

इथे एक बारकी गोष्ट लक्षात घ्या, आपल्याला शेवटी उपयोगी पडणार आहे. घंटा वाजल्यावर विस्तव विझवत नसत, झाकत. निखारे राखेखाली धुगधुगत राहायचे आणि सकाळी फुंकर मारली की चूल पुन्हा पेटायची. आपल्याकडेही काडेपेटी स्वस्त होईपर्यंत घराघरांत हेच व्हायचं. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि विझलाच तर सकाळी शेजारी मागायला जायचं.

एकशे एक ठोके

अशी एक घंटा आजही वाजते. ऑक्सफर्डमधल्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या मनोऱ्यात 'ग्रेट टॉम' नावाची अवाढव्य घंटा आहे. रोज रात्री ती १०१ ठोके देते. कॉलेजच्या मूळच्या शंभर विद्यार्थ्यांचे शंभर आणि १६६३ मध्ये एक जागा वाढली तिचा एक. हे ठोके म्हणजे पूर्वी खूण असायची, मुलांनो आत या, दारं बंद होतायत.

आणि ती नऊला वाजत नाही, नऊ वाजून पाच मिनिटांनी वाजते. कारण ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे आणि तिथला सूर्य पाच मिनिटं मागे चालतो. रेल्वे आल्यावर सगळ्या देशाने एक वेळ धरली, पण ही घंटा आपल्या जुन्या नऊलाच चिकटून राहिली. ही पाच मिनिटं ध्यानात ठेवा. अशीच एकोणचाळीस मिनिटांची भानगड आपल्या मुंबईत झालीय, तिकडे जायचंच आहे.

देवाला झोपवणारी आरती

आत्तापर्यंतचे आवाज हुकमाचे होते. पण दिवस संपवायची दुसरीही एक रीत आहे आणि ती आपल्या अगदी ओळखीची आहे. शेजारती.

पंढरपूरला विठोबाचा दिवस पहाटेच्या काकड्याने सुरू होतो आणि रात्री शेजारतीने संपतो. शेज म्हणजे अंथरूण. देवळात शेजघर आहे, तिथे देवाचा पलंग असतो. रात्री अंथरूण घातलं जातं, आरती होते, दार बंद होतं. रोज त्याच क्रमाने. इथे कोणी कोणाला दरडावत नाही. दिवसभर उभा राहून दमलेल्या माणसाला घरच्यांनी म्हणावं ना, 'चल, आता पड जरा', तसा सगळा भाव आहे.

पण मला याहून भारी वाटते ती आषाढी आणि कार्तिकीची पद्धत. यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात. लाखो वारकरी येणार, दर्शन चोवीस तास चालू ठेवायचं, म्हणून शेजारती बंद. देव झोपणार नाही. उभा राहून शिणेल म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात. मग यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. पलंग परत येतो आणि रोजचा क्रम पुन्हा सुरू होतो.

तुम्ही भाविक असा किंवा नसा, यातला हिशेब बघा. जागरण करावंच लागतं, कधी कधी खूप करावं लागतं, हे इथे मान्य आहे. पण त्या जागरणाला शेवट आहे, आणि शेवटी शीण काढायची ठरलेली वेळही आहे. परीक्षेच्या नाहीतर प्रोजेक्टच्या आठवड्यात आपण पलंग काढतो खरे. प्रक्षाळपूजा मात्र विसरतो!

भोंगा

आता मुंबई. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ ला ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यांच्या दिवसाचा मालक झाला गिरणीचा भोंगा.

आधी गिरण्या उजाडताना सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चालायच्या. उन्हाळ्यात जास्त तास, हिवाळ्यात कमी. संध्याकाळची सीमा निदान सूर्य तरी ठरवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे पसरले आणि ती सीमाच पुसली गेली. दिवा आहे म्हटल्यावर काम थांबवायचं कशाला? कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले.

त्यातच वेळेचा घोळ. १ जानेवारी १९०६ पासून देशात एकच प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. काही गिरण्यांनी नवी वेळ धरली आणि त्याच महिन्यात हजारो कामगारांनी त्याविरुद्ध काम थांबवलं. आपल्याला वाटेल, अर्ध्यापाऊण तासाने काय होतं? पण ज्याला अंधारात उठून भोंग्याआधी फाटक गाठायचंय, त्याच्यासाठी ती ३९ मिनिटं झोपेतून कापलेली होती. शहरानेही हट्ट सोडला नाही. महापालिकेची घड्याळं पुढे कित्येक वर्षं 'मुंबई टाइम'च दाखवत राहिली.

याच सुमारास जगभर गजराची दिशा बदलली. वेळ हवी तशी लावता येणाऱ्या गजराच्या घड्याळाचं पेटंट फ्रान्सच्या अँत्वान रेदिए यांनी १८४७ मध्ये घेतलं. इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावात तर पहाटे लांब काठीने खिडक्या वाजवून लोकांना उठवणारी माणसं पगारावर असायची. ऊठ, चल, उशीर होतोय, हे सांगायला सगळे तयार. थांब, पुरे झालं, हे सांगायला कोणी नाही, कारण त्यात कोणाचाच नफा नव्हता.

मग संध्याकाळ परत कशी मिळाली? मागून, भांडून. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनने लढून जून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतला दिवस बारा तासांवर आला, १९२२ ला अकरावर, १९३४ ला दहावर. दिवस संपायची वेळ कोणी दान दिलेली नाही, हे विसरू नका. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि नंतर एकेक करत भोंगे कायमचे बंद झाले. आज तिथे टॉवर आहेत, ऑफिसं आहेत, आणि त्यातले काही दिवे रात्रभर जळतात.

खिशातली गिरणी

भोंगा बंद झाला आणि गजर खिशात आला. फोनची गंमत अशी की सकाळी उठवणारा तोच आणि रात्री जागवणारा पण तोच. पुढचा एपिसोड आपोआप सुरू. एक रील संपायच्या आत दुसरं हजर. पुस्तकाला शेवटचं पान असतं, दूरदर्शनवर एके काळी रात्री कार्यक्रम संपायचे. फीडला शेवटच नाही.

यात आपली 'इच्छाशक्ती कमी' वगैरे म्हणायच्या आधी एक ऐका. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी उघडपणे सांगितलं होतं, की त्यांची स्पर्धा झोपेशी आहे. म्हणजे बारा वाजता तुम्ही एकटे स्वतःशी लढत नसता. समोर पगारी माणसांची फौज बसलेली असते.

त्याच सुमारास फोन बनवणाऱ्यांनीच उपायही विकायला काढला. २०१६ मध्ये आयफोनच्या घड्याळात झोपायची वेळ झाली म्हणून आठवण करणारी सोय आली. २०१८ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी ठरलेल्या वेळी स्क्रीन करडी करणारी सोय जाहीर केली. घंटा परत आली म्हणायची! फक्त ती फोनवर वाजते आणि एका बोटाने गप्पही होते. ना तोफ, ना गस्तवाले.

वडगावचा भोंगा

मग असा आवाज पाळला जातो तरी कधी? याचं एक उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोविडमध्ये शाळा ऑनलाइन झाली, मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा सुरू झाल्यावरही ते सुटेनात. २०२२ मध्ये गावाने ग्रामसभेत ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघा.

सुरुवातीला हे जमेल असं अनेकांना वाटलं नव्हतं. शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई घरोघरी जाऊन सांगायच्या. पुढे बातम्या देशभर गेल्या.

हा भोंगा झोपेचा नाही, अभ्यासाचा आहे, मान्य. पण तीन गोष्टी बघा. एक, तो ऐकणाऱ्यांनीच लावला. दोन, सगळ्यांसाठी एकदम वाजतो, म्हणजे फक्त पोराला 'फोन ठेव' म्हणणारा बाप स्वतः व्हॉट्सॲपवर नसतो. तीन, तो बंदही होतो. दीड तास, बस. कोतवालाच्या तोफेत आणि या भोंग्यात हाच फरक आहे. आवाज सारखाच मोठा, पण मालक बदललाय.

आता आपला गजर

इतिहासातून आपल्या फोनपुरतं काय उचलायचं? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, ऑक्सफर्डच्या घंटेची. वेळ तुमच्या सूर्याची असू द्या. कोणी पाचला उठतं म्हणून तुम्ही नऊला झोपायची गरज नाही. उठायची वेळ पक्की करा, तिथून झोपेचे तास मागे मोजा आणि त्याच्याही तासभर आधी गजर लावा. साडेअकराला झोपायचं तर साडेदहाला. रोज तीच वेळ, शनिवारीसुद्धा फार न हलवता.

दुसरी, कर्फ्यूची. विस्तव विझवू नका, झाकून ठेवा. रात्री डोकं चालू राहतं ते बहुधा उद्याच्या कामांमुळे. 'विचार करू नकोस' म्हणून विचार थांबत नाहीत. गजर वाजला की उद्याची दोन-तीन कामं कागदावर लिहा. निखारे सकाळपर्यंत टिकतील, विझणार नाहीत, एवढी मनाला खात्री पटली की ते सोडून देतं. आणि दिवेही खरोखर मंद करा. रात्री प्रखर उजेड डोळ्यांवर पडला की झोपेची तयारी करणारं मेलॅटोनिन शरीरात उशिरा तयार होतं. दिवेलागणीनंतर दिवेमालवणही असते, ती आपण सोडून दिली आहे.

तिसरी, शेजारतीची. क्रम ठेवा. फार काही नको. भांडी आवरणं, हातपाय धुणं, अंथरूण घालणं, दोन पानं वाचणं किंवा आईशी, रूममेटशी दहा मिनिटं गप्पा. महत्त्व त्या कामांना नाही, रोज तीच ओळीने येण्याला आहे. काही दिवसांत पहिलं काम केलं की शरीराला पुढचं कळायला लागतं. गजराचा आवाजही सकाळच्या कर्कश आवाजाहून वेगळा, मऊ ठेवा. आणि जागरणाचा आठवडा आलाच तर त्यानंतरची प्रक्षाळपूजा आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवा.

चौथी, वडगावची. एकट्याने करू नका. खोलीत चौघे असाल तर चौघांनी ठरवा. घरी असाल तर आईबाबांनाही सामील करा. चारही फोन एका टेबलावर जाऊन बसले की मोह निम्मा होतो. आणि गजराचा फोन अंथरुणापासून लांब ठेवा, म्हणजे तो बंद करायला उठावं लागेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. आपल्या श्रोत्यांत रात्रपाळीवाले आहेत. अमेरिकेच्या वेळेवर फोन उचलणारे, रात्री एकपर्यंत ऑर्डर पोचवणारे, हॉस्पिटलात ड्युटी करणारे. त्यांना 'साडेदहाचा गजर लाव' म्हणणं म्हणजे थट्टा आहे. त्यांचा संध्याकाळचा गजर सकाळी आठला वाजेल, जाड पडद्याच्या खोलीत. तेही चालेल, क्रम तोच. पण रात्री अकराला आलेला बॉसचा मेसेज कोणत्याही गजराने थांबत नाही. तिथे उपाय ॲपमध्ये नाही, तो लोखंड्यांच्या रस्त्यावर आहे, चार जणांनी मिळून 'इथे दिवस संपतो' असं म्हणण्यात.

तोफ कोतवालाची होती, भोंगा मालकाचा होता, फीड कंपनीचं आहे. संध्याकाळचा गजर लावायचं बटण मात्र आज तुमच्या बोटाखाली आहे. हे स्वातंत्र्य गिरणगावातल्या पणजोबांना नव्हतं.

तेव्हा आजच्या रात्रीपुरता एक गजर लावून बघा. त्याला नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. 'शेजारती' द्या, 'तोफ' द्या, 'वडगाव' द्या. आठवडाभर जमलं की आम्हाला नक्की सांगा. नाही जमलं तरी सांगा, काय आडवं आलं ते ऐकायला जास्त आवडेल.

भेटू पुढच्या भागात. आणि हे वाचेपर्यंत अकरा वाजून गेले असतील, तर पुढचा भाग उद्या ऐका. निजा आता!